उसनं काही सोडता येत नाही

बुऱ्हाणपूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, गाडी यायला वीस मिनिटं असताना, मायनं माझी बॅग उघडली आणि सामान बाहेर काढायला सुरुवात केली.

लोकांच्या आया अशा वेळी बॅगेत काहीतरी कोंबतात. लाडू, लोणचं, एखादी शाल. माझ्या मायनं बाकावर एकेक वस्तू काढून ठेवली. वक्तृत्व स्पर्धेच्या दोन ढाली, कॉलेजच्या वह्या, एक पितळी डबा, तीन चादरींपैकी दोन आणि माझ्या जुन्या पत्रकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा. अण्णा, म्हणजे माझे वडील, केळीची फणी वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारी उभे होते आणि आपण या बायांना ओळखत नाही असा चेहरा करून सिग्नलकडे बघत होते.

“माय, ते माझं आहे!”

“तुझंच आहे. कोण नाही म्हणते? पण नवीन गावाले चालली ना तू? मंग भरलेली कायले चालली?”

गाडी आली तेव्हा माझी बॅग अर्धी होती आणि तोंड पूर्ण फुगलेलं. खिडकीतून मी हातसुद्धा हलवला नाही. आज ते लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं तर सगळंच लिहिते.

हे तुमच्यासाठी आहे. तापीकाठच्या आमच्या गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे पुणे, सुरत, इंदूरला निघून गेलेल्यांसाठीसुद्धा. राहिलेले म्हणतात, ही पोरगी तिकडं जाऊन बिघडली. गेलेले म्हणतात, सोड ना यार, गावाच्या गोष्टी कशाला काढतेस. दोघांनाही थोडं ऐकवायचं आहे.

आधी मायची रीत सांगते. आमच्या घरी आषाढी एकादशीला प्रत्येकानं एक वस्तू सोडायची, ती थेट कार्तिकीपर्यंत. चार महिने तिला हात लावायचा नाही. कार्तिकीला तीच वस्तू आधी कुणाला तरी द्यायची आणि मग स्वतः घ्यायची. हे खूप घरांत चालतं. मायचा नियम मात्र कडक होता. सोडायचं तर आवडीचं सोडायचं. माझे काका दर वर्षी कारलं सोडायचे आणि माय दर वर्षी सगळ्यांसमोर म्हणायची, “भाऊजी, देवाले एवढं भोळं समजू नका.” माझा भाऊ महेश क्रिकेट सोडतो म्हणाला होता, तर तो चार महिने अंपायर झाला. माय स्वतः चहा सोडायची. जिला पहाटे चहाशिवाय डोळे उघडत नाहीत ती बाई चार महिने आम्हा सगळ्यांना चहा करून द्यायची आणि वाफेपासून तोंड बाजूला घ्यायची.

मला याचा संताप यायचा. कॉलेजात आल्यावर मला संतापाला वाट सापडली. पत्रक! ए-फोर कागदाचे दोन तुकडे, वर एक झणझणीत मथळा, खाली पाच मुद्दे. मी मराठीत लिहायची, मैत्रीण खाली हिंदी करायची, आणि बुऱ्हाणपूरच्या शनवारा चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून आम्ही प्रती काढायचो. त्यातलं एक पत्रक होतं, “सोडायचं फक्त बाईनंच?” बाई चहा सोडते, तूप सोडते, झोप सोडते, माहेर सोडते, आडनाव सोडते, आणि घरातला पुरुष सोडतो कारलं. काकांचं नाव नव्हतं, पण गावात सगळ्यांना कळलं.

ते पत्रक मी कार्तिकी पौर्णिमेला तापीच्या राजघाटावर वाटलं. बायांनी आनंदानं घेतलं. मी मनात म्हटलं, चला, क्रांती झाली. दहा मिनिटांनी पाहते तर त्या पत्रकांच्या होड्या करून त्यांवर दिवे ठेवून तापीत सोडत होत्या. त्या वर्षी पानांच्या द्रोणांचा तुटवडा होता म्हणे. माझे पाच मुद्दे पेटत पेटत पलीकडच्या काठाला गेले.

मायनं मात्र पत्रक वाचलं. ती सातवी शिकलेली आहे आणि छापलेलं काहीही पूर्ण वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. वाचून म्हणाली, “लिहिलं चांगलं. अक्षरही शुद्ध आहे. पण सोडणं काय असते, ते तुले समजलंच नाही.”

“मग तू समजाव.”

“असं सांगून समजते का कुठं? फालतू बात करते.”

तर अशी मी पुण्याला आले.

पहिल्या वर्षी पुण्यानं मला मराठीची परीक्षा द्यायला लावली. मी “करू राहिले” म्हटलं की ऑफिसात माना वळायच्या. “तू हिंदी आहेस का गं?” “नाही, मराठीच. मध्य प्रदेशची.” “म्हणजे नक्की काय?” म्हणजे नक्की हेच, बाबांनो! तुमच्या नकाशाच्या रेघेपलीकडेही चुली मराठीत पेटतात. पण हे सुचायला दोन वर्षं गेली. तोवर मी “राहिले” गिळून “करतेय” बोलायला शिकले. सुट्टीत घरी गेले की वहिनी, म्हणजे महेशची बायको ज्योती, हसायची. “रेणूताई, तुम्ही बातम्या वाचू राहिल्या का आमच्याशी बोलू राहिल्या?” तिचं माहेर रावेरकडचं. बोलायला तोंडाळ आणि कामाला वाघीण. केळीचे घड उतरवायला लागली की गडी माणसं बाजूला व्हायची.

पुण्यात मी एका लहान संस्थेत लागले. काम असं की बायांची नावं घरावर आणि जमिनीवर लावायची. पत्रकं लिहायची, गावोगाव बैठका घ्यायच्या. मी डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन बायांना सातबारा वाचायला शिकवायची. आमच्याकडे सातबारा नसतो, खसरा आणि बी-वन असतं, तलाठी नाही तर पटवारी असतो. मी नवे शब्द पाठ केले आणि इतक्या ठसक्यात बोलायला लागले की एका म्हातारीनं विचारलं, “पोरी, तुझ्या नावावर किती हाय?”

मी म्हटलं, “माझ्या वडिलांची बाग आहे.”

ती म्हणाली, “ते नाही विचारलं.”

दुसऱ्यांच्या वाड्यांवर भाषण ठोकणारी मी स्वतःच्या घरी हा विषय कधी काढलाच नव्हता. अण्णांसमोर तोंड उघडलं नव्हतं. पत्रक लिहायला हिंमत लागते असं मला वाटायचं. ते परक्यांच्या हातात द्यायचं असतं, म्हणून लागत नाही.

चौथ्या वर्षी अण्णा गेले. बागेतच, ठिबकच्या नळ्या तपासताना बसले ते उठलेच नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

गंधमुक्तीच्या दिवशी सुतक फिटलं, पाहुणे जेवले, आणि गावातल्या देवळात नेहमी कीर्तन करणारे महाराज दोन शब्द बोलले. माणूस येताना काही आणत नाही, जाताना काही नेत नाही, मोह सोडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ते डोलणं थांबायच्या आत काकांनी पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला.

आमच्याकडे ही रीत आहे. बाप गेला की जेवणाच्या पंगती उठेपर्यंत बहिणींच्या सह्या होतात. कागदाचं नाव हकत्याग. बहीण लिहून देते की बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावासाठी राजीखुशीनं सोडते. रडून डोळे सुजलेले असतात, अक्षरं दिसत नाहीत, आणि नकार द्यायला तोंड नसतं. सही केली की सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी.

“रेणू,” काका म्हणाले, “महाराजांनी आताच सांगितलं ना? मोह सोडणं हेच पुण्य. अण्णाच्या आत्म्याला शांती मिळेल. इथं कर सही.”

महेश जमिनीकडे बघत होता. तो वाईट नाही. त्यानं कागद आणायला सांगितलाही नव्हता आणि आणू नका असंही म्हटलं नव्हतं. माझ्या बॅगेत त्या क्षणी याच विषयावरची माझी तीन पत्रकं होती. मुद्दे पाठ होते, कायदा पाठ होता. सगळं घर बघत होतं. आणि मी बघत होते मायकडे. मला खात्री होती ती काय म्हणणार. आयुष्यभर सोडत आलेली बाई. ती म्हणणार, कर सही.

माय म्हणाली, “कागद आणा इकडं.”

तिनं तो वाचला. सगळा. ओठ हलवत, बोट फिरवत, खालच्या साक्षीदारांच्या रिकाम्या जागेपर्यंत. पाहुण्यांनी पाणी मागितलं, ज्योती उठली, पाणी देऊन परत आली, तरी वाचणं चालू होतं.

“यात लिहिलं, माझा हिस्सा मी सोडते,” माय म्हणाली. “भाऊजी, हिस्सा हिचा झाला कधी?”

“वहिनी, कायद्यानं असतोच तो.”

“कायद्यानं असते, तर मले कुठंतरी दिसू द्या. पटवाऱ्याच्या कागदावर हिचं नाव आहे? माझं आहे?” मग ती महाराजांकडे वळली. “महाराज, ही सात वर्षांची होती. राजघाटावर मी म्हटलं, आवडीची वस्तू सोड. हिनं शेजारच्या शकूचा झोका सोडला. म्हणे, मले लय आवडते. मी त्याच पायरीवर हिले विचारलं, दुसऱ्याचा झोका देवाले देऊ राह्यली का वं? तर आता तुम्हीच सांगा. उसनी वस्तू देवाले चालते?”

महाराजांची पंचाईत झाली. काकांनीच त्यांना बोलावलं होतं. पण माणूस सरळ. थोडा वेळ उपरण्याशी चाळा करून म्हणाले, “नाही चालत. संकल्प करायचा तर वस्तू आधी स्वतःची पाहिजे.”

“वहिनी, हे देवाचं नाही, व्यवहाराचं आहे,” काका चिडले.

“मंग मोहाची बात कशी आणली? व्यवहाराचं आहे तर व्यवहारानंच होऊ द्या. पहिले तिघांची नावं चढवा. माझं, महेशचं, रेणूचं. हातात येऊ द्या. मंग ज्याले सोडायचं तो सोडंल.”

तिनं कागदाची घडी घातली आणि काकांना परत दिली. फाडला नाही, फेकला नाही. उसनं मीठ परत द्यावं तसा दिला.

त्या दिवशी मला जे वाटलं त्याला अभिमान हा शब्द मी वापरते, कारण दुसरा माझ्याकडे नाही. मी कॉलेजपासून जेवढी पत्रकं लिहिली, त्या सगळ्यांचं काम एका सातवी शिकलेल्या बाईनं न ओरडता केलं होतं. तेही भक्तीच्या बाजूनं, ज्या बाजूला मी कायम शत्रू समजत आले.

पुढचं वर्ष गोड गेलं असं समजू नका. महेशनं फोन उचलणं बंद केलं. गावात मला “पुण्याची वकीलसाहेब” म्हणायला लागले. काकांनी सांगितलं की ही आता हिस्सा कुण्या बिल्डरला विकणार. भाऊबीजेला मी गेले. महेश पाटावर बसला, पण तोंड भिंतीकडे.

“तुले काय कमी पडलं तिकडं?” त्यानं विचारलं.

“काही नाही.”

“मंग?”

“मंग काही नाही. तुला काय कमी पडलं होतं, म्हणून तुझं नाव लागलं?”

ओवाळणीचं ताट माझ्या हातात जड झालं होतं.

“विकशील?” शेवटी तो म्हणाला. तेव्हा मला कळलं की त्याला राग नव्हता, भीती होती. ज्या बागेत तो सोळाव्या वर्षापासून राबला, तिच्या मधोमध कुणी परका कुंपण घालेल याची.

“नाही विकणार.”

“लिहून दे.”

“लिहून नाही देणार. सांगते ना, नाही विकणार.”

“बापरे, दोघंही अण्णांवर गेले,” ज्योती स्वयंपाकघरातून म्हणाली. “ओवाळा लवकर, दिवा विझू राहिला.” महेशला हसू आलं. त्यानं मान सरळ केली.

नावं चढली होती. पटवाऱ्यानं मोजून तीन भाग केले. तापीकडचा मायचा, मधला महेशचा, रस्त्याकडचा माझा. नवा कागद आला तेव्हा मी घरी नव्हते. ज्योतीनं सांगितलं की मायनं तो तीनदा वाचला आणि मग तिला दाखवून म्हणाली, “पाह्य वं, माझं पूर्ण नाव.” राशन कार्ड सोडून तिचं नाव तोवर कुठं छापलं गेलं नव्हतं.

मग पुढच्या वर्षी, कार्तिकीच्या आठ दिवस आधी मायचा फोन आला.

“सुट्टी घे. मले काही सोडायचं आहे.”

मी ओळखलं, ती तिचा हिस्सा महेशच्या नावावर करणार. आई मुलालाच देणार, दुसरं काय! गाडीत बसून मी रस्ताभर मुद्दे काढत होते. मग लढलो कशासाठी? एवढी बोलणी खाल्ली कशासाठी? बुऱ्हाणपूरला उतरले तेव्हा माझ्याकडे एक अख्खं पत्रक तयार होतं, फक्त छापायचं बाकी.

रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर माय, महेश, काका आणि ज्योती बसलेले. काका खुश. त्यांनाही वाटत होतं की महेशच्या नावानंच होणार. वकिलानं दानपत्र वाचून दाखवलं. देणार, माझी माय. घेणार, सौ. ज्योती महेश. तापीकडचा पूर्ण हिस्सा.

ज्योती उभी राहिली, परत बसली. “मले?” ती सासूकडे वळून म्हणाली. “आत्याबाई, मले कायले?”

“सुनेले कोण देते?” काका म्हणाले.

“मी देऊ राह्यली,” माय म्हणाली. “रोज सूर्य उगवायच्या आत बागेत कोण जाते, भाऊजी? तुम्ही पाहिलं नसंल. तुम्ही उठत नाही तेव्हा.”

महेश मायकडे बघत राहिला, मग ज्योतीकडे. वाद घालेल असं वाटलं. तो उठला, बाहेर जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला, झाकण उघडलं आणि बायकोच्या हातात दिली. लग्नाला आठ वर्षं झाली असतील. असं करताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

आणि मी? मी अख्खी पत्रकं लिहिली. मुलगी, बहीण, विधवा, सगळ्यांवर. जी बाई माझ्या ताटात भाकरी वाढत होती, मी सुट्टीला गेले की माझी बॅग उचलत होती, जिच्या घामानं ती बाग उभी होती, ती माझ्या एकाही पत्रकात नव्हती. नणंदेला वहिनी दिसतच नाही. हे मी स्वतःविरुद्ध लिहिते आहे आणि ठळक अक्षरात छापायला तयार आहे.

दुपारी आम्ही दोघी राजघाटावर गेलो. मायनं पाण्यात उभं राहून ओंजळ भरली, काहीतरी पुटपुटली आणि ओंजळ रिकामी केली. पायरीवर येऊन साडीचा काठ पिळत बसली.

“माय, आता तुझ्याकडे काय उरलं?”

“काही नाही.”

“मग एवढं भांडून नाव लावलंस कशाला?”

“नाव लागलं म्हणून तर सोडता आलं. पहिले माझं काय होतं सोडायले? चहा.” ती हसली. मग नदीकडे बघत जे बोलली ते मला तिच्याकडून अपेक्षित नव्हतं. “खरं सांगू का? वर्षभर मले लोभ सुटला होता वं. रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभी राहायची. हे झाड माझं, ते झाड माझं. महेशच्या बाजूची नळी माझ्याकडं सरकली तर जीव खालीवर व्हायचा. एक दिवस ज्योतीनं माझ्या बाजूचा घड विचारल्याशिवाय उतरवला, तर मी तिच्यावर ओरडली. ओरडली आणि मंग समजलं. आता सोडायची वेळ झाली.”

“मी सोडू का माझा?” माझ्या तोंडून निघून गेलं.

मायनं माझ्याकडे नीट पाहिलं. “मन भरलं?”

“नाही.”

“मंग कायले विचारते? खोटं सोडलं तर ते सोडणं नाही. ठेव.”

तर मी ठेवला आहे. सरळ सांगते, गावातल्या मंडळींनी ऐकून घ्यावं, रस्त्याकडचा भाग माझा आहे आणि माझाच राहणार आहे. कधी मन भरेल माहीत नाही. भरेल तेव्हा सोडेन, आणि कुणाला ते मीच ठरवेन. हा मोह आहे का? असेल. पण आमच्याकडच्या पोरींना मोह करायची तरी संधी कुठं मिळाली होती! रिकाम्या हातांना वैराग्य शिकवणाऱ्यांनी एकदा माझ्या मायशी येऊन बोलावं.

गेलेल्यांनो, तुम्ही म्हणता घर मागे राहिलं. मीही म्हणायची. पुण्यात कुणी गाव विचारलं तर मी “बुऱ्हाणपूर, एमपी” असं घाईत, माफी मागितल्यासारखं सांगायची. पुढे स्पष्टीकरण द्यायला लागू नये म्हणून. आता मी सावकाश सांगते, आणि मुद्दाम “राहिले” लावून बोलते. कुणी हसलं तर हसू देते. घराच्या आठवणीनं रडू आता क्वचित येतं. फोन मात्र जास्त येतात, आणि ते “कशी आहेस, जेवलीस का” एवढ्यावर संपत नाहीत.

गेल्या आठवड्यात ज्योतीचा आला. मी मीटिंगमध्ये होते, बाहेर येऊन उचलला.

“रेणूताई, मी माझ्या बाजूले केळीत हळद लावू राहिली.”

“बरं. महेश काय म्हणतो?”

“त्याले काय म्हणायचं? माझ्या बाजूले लावू राहिली ना. तुम्हाले फोन यासाठी केला, की रस्त्याकडच्या विहिरीवरून पाण्याची मेन लाइन तुमच्या भागातून न्यावी लागंल. चालंल का?”

मी जिन्यात उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कुणी मला बागेबद्दल काही विचारलं होतं. सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. मी उगाच दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं.

“चालेल,” मी म्हटलं. “पण नळी माझ्या खोडांपासून हातभर लांब ठेव. आणि खणलेली माती नीट बुजव.”

“ठेवते हो, मालकीणबाई,” ज्योती म्हणाली. “पुण्यात बसून लय रुबाब करू राहिल्या. मंग या बुजवायले.”